पैसे कट झाले, पण आले नाहीत!

"कट झाल्यात की ओ पैसे!"

"आवाज आला नाही ना पण अजून."

सोलापूरच्या चाटी गल्लीत हा संवाद कानावर पडला नाही असा माणूस विरळा. १,२०० रुपयांची चादर बांधून तयार, गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे वजा झाल्याचा एसएमएस, आणि गल्ल्याशेजारचा स्पीकर गप्प. मग कोणीतरी निदान करतं : सर्व्हर डाऊन आहे, पैसे मध्येच अडकलेत.

मध्येच म्हणजे कुठे? तशी जागाच नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे तुमचे पैसे ठेवायला तिजोरी नाही. ती निरोप्याचं काम करते. तुमच्या बँकेच्या वहीत १,२०० वजा, दुकानदाराच्या बँकेच्या वहीत १,२०० जमा, एवढ्या दोन नोंदी. बँकांचा आपापसांतला हिशेब दिवसातून ठरावीक वेळा, सगळी देणी-घेणी एकमेकांतून वजा करून, रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर मिटतो. त्यामुळे अडकतो तो निरोप, पैसा नव्हे.

क्यूआरच्या चौकोनात मुख्यतः दुकानदाराचा यूपीआय पत्ता, नाव आणि असलीच तर रक्कम असते. पिन टाकायचं पान ॲप कंपनीचं नसतं, एनपीसीआयचं असतं. पिन तिथेच कुलूपबंद होतो, कंपनीला दिसत नाही. मग एनपीसीआय आधी तुमच्या बँकेला सांगते 'वजा कर', तिचा होकार आला की दुकानदाराच्या बँकेला सांगते 'जमा कर'. तो होकार आला की हिरवी खूण. अशा निरोपाला उत्तर द्यायला बँकेला पूर्वी ३० सेकंदांची मुदत होती, जून २०२५ पासून ती १५ झाली.

आता खरी गंमत. 'जमा कर' हा निरोप गेला आणि १५ सेकंदांत उत्तरच आलं नाही, तर काय समजायचं? शक्यता तीन. निरोप पोचलाच नाही. पोचला, पण बँकेला जमा करता आलं नाही. किंवा जमा झालं आणि 'झालं' हे सांगणारं उत्तर वाटेत हरवलं. बाहेरून तिन्ही अगदी सारख्या दिसतात : नुसती शांतता. पहिल्या दोन्हींत गिऱ्हाइकाला पैसे परत द्यायला हवेत, तिसरीत दिले तर १,२०० चे २,४०० होतात. जिथे निरोप हरवू शकतो तिथे दोन टोकांना एकमेकांबद्दल शंभर टक्के खात्री कधीच करून घेता येत नाही, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. कितीही महागडा सर्व्हर आणला तरी ही अडचण सुटत नाही, ती फक्त निस्तरता येते.

निस्तरण्याची रीत दोन्ही बाजूंना वेगळी आहे. वजा करण्याच्या पायरीवर शांतता असेल तर एनपीसीआय उलट निरोप धाडते : वजा केले असशील तर परत टाक. जमा करण्याच्या पायरीवर शांतता असेल तर व्यवहार 'डीम्ड' ठरतो, म्हणजे झाला असं धरून चालतात. दुकानदाराची बँक नंतर आपली वही तपासते आणि राहिले असतील तर जमा करते, जमणार नसेल तर परत पाठवते. चाटी गल्लीतला वाद बहुतेक वेळा इथला असतो. पुन्हा विचारायचं झालंच तर तोच व्यवहार क्रमांक वापरून विचारावं लागतं, आणि 'हा क्रमांक आधी येऊन गेलाय का' हे प्रत्येक बँकेनं लिहून ठेवावं लागतं. हे टिपण ढिलं असेल तर एकच रक्कम दोनदा जमा होते. विचारण्याचाही अतिरेक करून चालत नाही. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास कोलमडलं, त्यामागे काही बँकांकडून सुटलेला 'झालं का, झालं का' अशा विनंत्यांचा पूर होता.

दोन टोकांचं मत वेगळं पडलं की काय होतं हे यूको बँकेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये अनुभवलं. आयएमपीएसवर, म्हणजे यूपीआय ज्या रुळांवर उभं राहिलं त्याच व्यवस्थेत, दुसऱ्या बँकांच्या बाजूनं फसलेले व्यवहार इकडे मात्र जमा होत राहिले. सुमारे ४१,००० खात्यांत ८२० कोटी रुपये, तेही आले नसताना. दोन वह्या जुळत नव्हत्या.

बिनशाखेच्या, म्हणजे फक्त ॲपवर चालणाऱ्या बँकिंगची स्पर्धा खरं तर ही शांतता निस्तरण्यात आहे. जाहिराती मात्र रंगीत कार्डांच्या आणि 'एआय बँके'च्या. फक्त डिजिटल बँकेसाठी वेगळा परवाना रिझर्व्ह बँक देत नाही. निओबँक म्हणवणाऱ्या ॲपच्या मागे नेहमीची परवानाधारक बँक असते. आयएफएससीची पहिली चार अक्षरं वाचा, मालक कळेल. त्याच कोडची शेवटची सहा चिन्हं, बहुधा आकडे, शाखेची असतात, म्हणजे बिनशाखेच्या खात्यालाही कागदोपत्री शाखा आहेच. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर बँक खात्यातून आलेल्या पैशांसाठी दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. तेव्हा कमाई ठेवींतून आणि कर्जातून. क्यूआरवरची रोजची उलाढाल पाहून दुकानदाराला कर्ज देणं हा त्यातला पक्का डाव. पेमेंट्स बँकेला तो खेळता येत नाही, कारण तिला स्वतः कर्ज द्यायला मनाई आणि खात्यात २ लाखांची मर्यादा.

रूळ सगळ्यांना सारखे, मग फरक कशात? फसण्याच्या प्रमाणात. एनपीसीआय दर महिन्याला मोठ्या बँकांचे दोन आकडे जाहीर करते : 'बिझनेस डिक्लाइन', म्हणजे चुकीचा पिन, अपुरी शिल्लक वगैरे ग्राहकाच्या बाजूची कारणं, आणि 'टेक्निकल डिक्लाइन', म्हणजे यंत्रणेनं मान टाकली. ॲप निवडताना दुसरा आकडा बघावा, कॅशबॅक नव्हे. यंत्रणा कमजोर असेल तर धंदाच थांबतो : एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घ्यायला बंदी केली, ती उठायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. सोलापूरसारख्या सहकारी बँकांच्या गावात आणखी एक गाठ आहे. लहान बँक अनेकदा मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत जोडलेली असते, म्हणजे निरोपाला एक टप्पा जास्त, आणि शांततेला एक जागा जास्त.



व्यवहार 'पेंडिंग' दिसला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे मारू नका, आधी ॲपमध्ये स्थिती तपासा. स्पीकरवर तर मुळीच विसंबू नका. त्याला स्वतःचं सिम असतं आणि निरोप पेमेंट कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत टॉवर तुंबला की पैसे जमा होऊनही तो मुका राहतो. दुकानदारानं खात्याची नोंद बघावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं व्यक्तीला पाठवलेले पैसे वजा होऊन पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानाच्या क्यूआरवरचे पाच दिवसांत परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, न मागता.

तक्रारीत यूटीआर हा व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक द्या. त्याचा पहिला आकडा बहुधा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. उदाहरणार्थ, २०२६ च्या १४ जानेवारीचा, ऐन गड्ड्यातला क्रमांक ६०१४ नं सुरू होतो. गिऱ्हाइकानं दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर ५३६४ असेल तर तो ३० डिसेंबर २०२५ चा आहे. चादर हातात देण्याआधी खातं उघडून बघा. ६०१४ असलं तरी बघा, आकडे कोणालाही खोडून लिहिता येतात.