दोन रेषा गर्भाची जागा सांगत नाहीत

घरगुती चाचणीत दोन ठळक रेषा उमटल्या म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे, आणि शंका उरलीच तर आईच्या रक्तातील बाळाच्या डीएनएवरून ती फिटते, असा समज बरीच वर्षे फिरतो आहे.

पट्टीवरची दुसरी रेषा एचसीजी या संप्रेरकामुळे उमटते. पुढे ज्यांपासून वार बनते त्या पेशी ते तयार करतात. त्या गर्भाशयात रुजल्या काय किंवा गर्भनलिकेत रुजल्या काय, संप्रेरक तेच आणि रेषाही तीच. चाचणीच्या पाकिटातले माहितीपत्रक वाचून पाहावे, त्यात जागेचा दावा आढळणार नाही.

डीएनएचेही तसेच आहे. 1997 साली आईच्या रक्तद्रवात आढळलेले हे तुकडे ‘गर्भाचे’ म्हणवले जात असले, तरी ते मुख्यतः वारेच्या पेशींतून येतात. अस्थानी, म्हणजे गर्भाशयाबाहेर रुजलेल्या, गर्भधारणेच्या संदर्भात त्यांच्या प्रमाणावर संशोधन झाले आहे, परंतु नेहमीच्या निदानात ही चाचणी वापरली जात नाही. शिवाय गुणसूत्रदोषांसाठीची अशी तपासणी साधारण 10व्या आठवड्यापासून करतात. नलिकेतला गर्भ बहुधा त्याआधीच, 6 ते 8 आठवड्यांच्या सुमारास, त्रास देऊ लागतो.

जागा कळते ती मुख्यतः योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत. तीत काही स्पष्ट दिसले नाही, तर 48 तासांच्या अंतराने रक्तातील एचसीजी मोजून त्याची वाढ पाहतात. चाचणी होकारार्थी असताना ओटीपोटात एका बाजूला दुखणे, रक्तस्राव, खांद्याच्या टोकाशी कळ किंवा चक्कर यांपैकी काही जाणवले, तर सोनोग्राफीच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.