दम धरणे आणि हात आवरणे: आवेगामागच्या मेंदूरसायनांची पार्श्वभूमी

चंचल मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर ती स्थिर बसून अभ्यास करू लागतात, हे अमेरिकेत 1937 मध्येच दिसले होते. सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे नाव मात्र 1976 नंतर पुढे आले. स्टॉकहोममध्ये नैराश्याच्या रुग्णांच्या पाठीतून पाणी काढून त्यात सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारे आम्ल मोजले गेले. ज्यांच्यात ते कमी होते, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न अधिक होते. 1983 मध्ये फिनलंडमधील गुन्हेगारांत रागाच्या भरात हिंसा करणाऱ्यांमध्ये ते कमी निघाले, योजून करणाऱ्यांमध्ये नाही. इथून ‘सेरोटोनिन कमी, संयम कमी’ हे सूत्र रूढ झाले.

सूत्र मोहक, पण मोजमाप नाजूक. कण्यातील द्रवात वरून खाली येताना या आम्लाचे प्रमाण घटत जाते. त्यामुळे पहिले काही मिलिलिटर आणि नंतरचे यांत फरक पडतो, रुग्णाच्या उंचीनेही पडतो.

खरा गुंता ‘आवेगशीलता’ या शब्दाचा आहे. दम धरणे आणि निघालेला हात आवरणे, या दोन्हींसाठी प्रयोगशाळेत दीर्घकाळ तो एकच शब्द वापरला गेला. पहिल्याची चाचणी उंदरांवर होते: पाच भोके, सुमारे 5 सेकंद थांबायचे, मग ज्या भोकात दिवा लुकलुकेल तिथे तोंड घालायचे. घाई केली की दिवे बंद आणि खाऊ नाही. मेंदूतील सेरोटोनिन घटवले की ही घाई वाढते. दुसरीत माणूस खूण दिसताच कळ दाबतो, पण साधारण चारातल्या एका वेळी ‘थांब’चा इशारा येतो. निरोगी प्रौढाला थांबायला सुमारे 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. सेरोटोनिन कमी केल्याने हा वेळ सहसा बदलत नाही.

2006 च्या एका प्रयोगाने हा भेद ठळक केला. 60 निरोगी स्वयंसेवकांपैकी अ‍ॅटोमोक्सेटिनचा 60 मिलिग्रॅमचा एकच डोस घेतलेल्यांना हात लवकर आवरता आला. सेरोटोनिन वाढवणाऱ्या सिटॅलोप्रॅमचा परिणाम दिसला नाही. अ‍ॅटोमोक्सेटिन नॉरअ‍ॅड्रेनालिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे पुनर्शोषण रोखते, म्हणजे ते वाढवते. दोन क्षमता, दोन रसायने. तरीही निदानाच्या प्रश्नावलीत दोन्हींचे गुण एकत्रच मिळवले जातात, हे आता थांबायला हवे.

डोपामिन या तिसऱ्या रसायनाची बाजू पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) दवाखान्यात उघड झाली. डोपामिनसारखे काम करणाऱ्या प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्यांवर काही रुग्णांना जुगाराचे किंवा खरेदीचे वेड लागते. रुग्ण लाजेने बोलत नाही, म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत घरच्यांनाही विचारावे. गोळी मात्र एकदम बंद करू नये: चिंता, घाम, तीव्र उदासी सुरू होते, म्हणून डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात.