तुब्बाताहा : जहाजावर राहूनच पाहता येणारे प्रवाळ आणि त्यामागचा इतिहास

फिलिपाइन्सच्या पलावान बेटावरचे पोर्तो प्रिन्सेसा हे बंदर संध्याकाळी सोडले, की जहाज आग्नेयेला सुलू समुद्रात रात्रभर चालते. दहा-बारा तासांनी, साधारण 150 किलोमीटरवर, तुब्बाताहा येते. पण डोळ्यांना दिसते ते फारच थोडे: दोन चिमुकली बेटे, एक दीपगृह, वाळूच्या दांड्यावरची रक्षकांची चौकी आणि ओहोटीला उघडी पडणारी खडकांची कड. बाकी सगळे पाण्याखाली. उत्तर अ‍ॅटॉल (म्हणजे कड्यासारखे गोल वाढलेले प्रवाळ) सुमारे 16 किलोमीटर लांब आणि साडेचार किलोमीटर रुंद. आठ किलोमीटरची पाण्याची पट्टी ओलांडली की त्याहून लहान दक्षिण अ‍ॅटॉल आणि वायव्येला वीसेक किलोमीटरवर जेसी बीझली हा एकटा खडक. हॉटेल नाही, धक्का नाही, पिण्याचे पाणीही नाही. म्हणून इथे डायव्हिंग करायचे तर जहाजावरच राहावे लागते. त्यालाच लिव्हअबोर्ड म्हणतात.

आपल्याकडे विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर आंग्रे बँक आहे. किनाऱ्यापासून इतके दूर असणे म्हणजे काय, हे तिच्यावरून लक्षात येईल. फरक एवढाच, की आंग्रे बँकेचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे, तर तुब्बाताहाचा माथा पृष्ठभागाला टेकतो. त्यामुळे तिथे उथळ पाण्यातले प्रवाळ फोफावतात, पक्षी अंडी घालतात आणि रात्री जहाजे आपटतात. पुढचा सगळा इतिहास या तीन गोष्टींभोवती फिरतो.

अगदी जवळची माणसांची वस्ती म्हणजे कागायानसियो ही बेटांवरची नगरपालिका, तीही शंभर किलोमीटरहून दूर. तिथले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या वारा पडलेल्या उन्हाळी महिन्यांत शिडाच्या होड्यांनी इथे येत, मासे वाळवत, शिंपले आणि पक्ष्यांची अंडी गोळा करत आणि वारा फिरण्याआधी परतत. ईशान्य मोसमी वारे ओसरल्यावर आणि नैर्ऋत्य वारे सुरू होण्याआधी मिळणारी ती उघडीप एवढीच त्यांना मोकळीक. वर्षातले बाकीचे महिने समुद्रच राखण करत असे.

ही नैसर्गिक राखण मोडली ती इंजिनांनी. ऐंशीच्या दशकात मोटार लावलेल्या होड्या आणि बर्फाची पेटी सोबत असलेल्या मोठ्या नौका दुरून येऊ लागल्या, आणि त्यांच्याबरोबर डायनामाइट आणि सायनाइड आले. डायनामाइट म्हणजे प्रत्यक्षात बहुधा खतातले अमोनियम नायट्रेट रॉकेलात भिजवून बाटलीत ठासलेले आणि वर वात लावलेली. स्फोटाच्या धक्क्याने माशांच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. थोडे मासे वर तरंगतात, बरेचसे तळाला जाऊन वाया जातात. पण खरे नुकसान मागे राहते. शंभर वर्षांत वाढलेले प्रवाळ क्षणात चुरा होते आणि तो चुरा प्रवाहाबरोबर इकडून तिकडे गडगडत राहतो. प्रवाळाच्या अळीला रुजायला स्थिर कठीण पृष्ठभाग लागतो. तो मिळत नाही, म्हणून स्फोट थांबल्यावरही ते ठिकाण अनेक वर्षे ओसाड राहते. सायनाइडची तऱ्हा वेगळी: गोळ्या पाण्यात विरघळवून पिचकारीने कपारीत मारायच्या, गुंगलेला मासा जिवंत पकडून बाजारात पाठवायचा. कपारीच्या कडेचे प्रवाळ मात्र विषाने मरते.

हा ऱ्हास पहिल्यांदा ठामपणे मांडला तो फिलिपिनो स्कूबा डायव्हरांनी. दरवर्षी त्याच प्रवाळभिंतींवर उतरणाऱ्या लोकांना फरक दिसत होता. त्यांनी पर्यावरण कार्यकर्त्यांसह मोहीम चालवली, पलावान प्रांताच्या सरकारने पाठिंबा दिला आणि 11 ऑगस्ट 1988 रोजी राष्ट्राध्यक्ष कोराझॉन अ‍ॅक्विनो यांनी तुब्बाताहाला राष्ट्रीय सागरी उद्यान घोषित केले. क्षेत्र होते 33,200 हेक्टर. 1993 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कागद झाला, पण राखणारा कोणीच नव्हता. उद्यान घोषित झाल्यावर वर्षभरातच दक्षिण अ‍ॅटॉलवर समुद्री शेवाळाची मोठी शेती उभी राहिली आणि ती हटवायला 1991 उजाडले. नव्वदीच्या मध्यावर नौदलाचे जवान वाळूच्या दांड्यावर राहू लागले तेव्हा कुठे उद्यानाला धनी मिळाला. आज चौकीत नौदल, तटरक्षक दल, उद्यान कार्यालय आणि कागायानसियो पालिका यांची माणसे एकत्र असतात. पाळी दोन महिन्यांची. समुद्र खवळला तर बदली पथक वेळेवर पोचत नाही, आणि मग शिधा पुरवून पुरवून खावा लागतो.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा टप्पा 1988 नव्हे, तर 1999-2000 हा आहे. मासेमारी पूर्ण बंद करायची तर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क सोडणाऱ्या कागायानसियोच्या लोकांना काय मिळणार, हा प्रश्न तेव्हा टेबलावर आला. तोडगा निघाला तो असा: संपूर्ण उद्यानात मासेमारीला बंदी, आणि डायव्हरांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातला वाटा त्या पालिकेला. शुल्क किती असावे, हे अंदाजाने ठरवले नाही. आधी डायव्हरांनाच विचारून पाहिले की तुम्ही किती द्यायला तयार आहात. 2000 पासून परदेशी पाहुण्याला 3,000 पेसो आणि स्थानिकाला त्याच्या निम्मे, असा दर सुरू झाला. पुढे तो 5,000 पेसोंपर्यंत गेला. या पैशातून रक्षकांच्या गस्ती बोटीचे डिझेल येते, रडारची दुरुस्ती होते, जहाजे बांधायच्या मुरिंगचे दोर बदलले जातात. लिव्हअबोर्डच्या भाड्यावर वेगळी आकारलेली ही रक्कम पाहून काही जण कुरकुरतात. पण तिच्याशिवाय पाण्याखाली पाहण्यासारखे फार काही उरले नसते.

2006 मध्ये उद्यानाची हद्द जवळपास तिप्पट झाली, जेसी बीझलीही आत आला आणि क्षेत्र 97,000 हेक्टरांच्या घरात गेले. 2010 मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या स्वतंत्र कायद्याने भोवती दहा सागरी मैलांचा संरक्षक पट्टा आखला आणि शिक्षाही कडक केल्या.

तरीही सर्वांत गाजलेली नुकसाने मच्छीमारांनी केली नाहीत. ऑक्टोबर 2005 मध्ये ग्रीनपीसचे ‘रेनबो वॉरियर 2’ हे जहाज इथेच प्रवाळावर चढले. पर्यावरणाच्या मोहिमेवर असलेले जहाज! जुन्या नकाशाकडे बोट दाखवत संस्थेने सुमारे 7,000 डॉलरचा दंड भरला. त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला गेला नाही. 17 जानेवारी 2013 रोजी पहाटे अमेरिकी नौदलाचे ‘गार्डियन’ हे 68 मीटर लांबीचे सुरुंगशोधक जहाज दक्षिण अ‍ॅटॉलवर रुतले. त्याच्या डिजिटल नकाशात तुब्बाताहा मूळ जागेपासून सुमारे आठ सागरी मैल सरकलेले होते, आणि इतर नकाशे व उपकरणे यांच्याशी ते ताडून पाहिले गेले नव्हते. लाकूड आणि फायबरग्लासचे ते जहाज ओढून काढले असते तर फुटून त्याचे तुकडे पसरले असते. म्हणून ते जागेवरच कापून, भाग भाग उचलून, मार्चअखेरीपर्यंत हलवावे लागले. 2,345 चौरस मीटर प्रवाळ उद्ध्वस्त झाले. 2015 मध्ये अमेरिकेने 8.7 कोटी पेसो भरपाई दिली. ‘गार्डियन’ हलवून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच 8 एप्रिलला एक चिनी मासेमारी जहाज उत्तर अ‍ॅटॉलवर चढले. त्याच्या पोटात चारशे खोक्यांत भरलेले सुमारे दहा टन खवल्या मांजराचे मांस सापडले.

या अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2017 मध्ये तुब्बाताहाला विशेष संवेदनशील सागरी क्षेत्र ठरवले. 2018 पासून 150 टनांवरच्या जहाजांनी हा भाग टाळायचा आहे. नकाशावर ठळक ‘टाळा’ असे उमटणे, हे दंडापेक्षा जास्त कामाचे आहे.

या पार्श्वभूमीवर आजच्या सहलीतले नियम पाहिले की त्यांचा अर्थ लागतो. हंगाम मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे जुन्या मच्छीमारांची तीच उघडीप. नांगर टाकायला बंदी आहे. तळाला पक्के बसवलेल्या मुरिंगच्या बोयालाच जहाज बांधायचे, कारण नांगराची साखळी वाऱ्याबरोबर फिरताना आपल्या परिघातले सगळे प्रवाळ झोडपून काढते. मासे पकडणे, शिंपला उचलणे, माशांना खाऊ घालणे हे सगळे निषिद्ध. परवाना आधीच काढलेला असतो. त्यासाठीची नावे आणि कागदपत्रे जहाजमालक आगाऊ मागून घेतो. तीन महिन्यांचा हंगाम आणि मोजकी जहाजे असल्यामुळे जागा बऱ्याच आधी भरतात.

सहल साधारण सहा-सात रात्रींची, दिवसाला तीन-चार डाइव्ह. जहाज भिंतीच्या फार जवळ जात नाही. लहान रबरी बोटीतून उतरवले जाते. प्रवाळाचा माथा पाच-दहा मीटरवर असतो आणि तिथून भिंत थेट काळोखात जाते. अनुभवी गाइड आधी स्वतः पाण्यात डोके घालून प्रवाह कुठे जातो ते पाहतो, मग सगळ्यांना एकाच हाकेसरशी उतरवतो. कोपऱ्यांवर प्रवाह दुभंगतो आणि कधी भिंतीवरून खाली ओढतो. बुडबुडे वर न जाता आजूबाजूला घोटाळू लागले किंवा खाली जाऊ लागले, तर ती खूण समजावी. अशा वेळी जोर लावून सरळ वर पोहण्यात हवा जाते. भिंतीला समांतर सरकून प्रवाहातून बाहेर पडावे, किंवा भिंत सोडून मोकळ्या पाण्यात यावे. टाकीत 50 बार दाबाची हवा शिल्लक असताना पाण्याबाहेर यायचे, तर पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सुरक्षिततेच्या थांब्याचा हिशेब आधीच धरावा लागतो. प्रत्येकाकडे वर सोडण्याचा फुगा आणि शिट्टी हवीच. बोट फुग्याकडे येते, लाटांतल्या डोक्याकडे नाही.

आठवडाभर रोज तीन-चार डाइव्ह म्हणजे अंगात नायट्रोजन साचत जातो, आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजनचे मिश्रण) इथे उपयोगी पडतो तो त्यामुळे. 32 टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात 18 मीटरवर हवेपेक्षा बराच जास्त वेळ मिळतो. पण ऑक्सिजनचा आंशिक दाब 1.4 बारपर्यंत धरला तर 33 मीटरखाली जाता येत नाही, आणि तुब्बाताहाची भिंत खाली खुणावत असते. चूक होते ती बहुधा टाकीपाशीच. ऑक्सिजन मोजणारा विश्लेषक आधी साध्या हवेवर 20.9 टक्क्यांना आणायचा, मग टाकीचा व्हॉल्व किंचित उघडून संथ प्रवाहावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे, मग टक्केवारी आणि कमाल खोली टाकीवर आणि वहीत लिहून सही करायची. जोरात हवा सोडली की आकडा चुकतो. दुसऱ्याने मोजलेल्या टाकीवर विश्वास ठेवू नये.

सर्वांत मोठा धोका अंतराचा आहे. प्रवाळावर नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करणारा दाबकक्ष नाही, बंदर दहा-बारा तासांवर. म्हणून जहाजावर पुरेसा ऑक्सिजन आहे का आणि तो किती तास पुरेल, हे बुकिंगच्या आधीच विचारावे. डायव्हिंगचा वेगळा विमा असावा. 30 एप्रिल 2023 रोजी पहाटे वादळी पावसात एक सफारी जहाज इथे बुडाले. 32 जणांपैकी 28 वाचले, चौघे बेपत्ता झाले. त्याआधी 2019 मध्ये कॅलिफोर्नियात डायव्हिंगच्या एका जहाजाला रात्री आग लागून 34 जण गेले होते, आणि त्या रात्री पहाऱ्यावर कोणी नव्हते. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी केबिनमधून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा स्वतः चालून पाहाव्यात, लाइफ जॅकेट कुठे आहे ते हाताने चाचपून ठेवावे आणि कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या रात्री बिछान्याजवळ चार्जिंगला लावू नयेत. रात्रभर जागता पहारा असतो का, हे विचारताना संकोच करू नये.

एकाच उत्पन्नावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेची कसोटी 2020 मध्ये लागली. 17 मार्चपासून पलावानसह देशाच्या मोठ्या भागात कडक टाळेबंदी आली, नेमका हंगाम उघडतानाच. जहाजे बंदरातच राहिली, त्या वर्षीचे डायव्हिंगचे शुल्क बुडाले. चौकी मात्र बंद झाली नाही. पाहुणे नसतात तेव्हाच चोरट्या मासेमारीची भीती जास्त, हे रक्षकांना ठाऊक होते. जहाजे परत येऊ लागली तेव्हा व्हाइटटिप शार्क ‘शार्क एअरपोर्ट’ या डायव्हिंगच्या ठिकाणी वाळूवर पहुडलेले दिसतच होते.