वार्धक्यातील भ्रमयुक्त नैराश्य

तीव्र नैराश्याचा हा एक प्रकार. यात उदासीच्या जोडीला वस्तुस्थितीशी विसंगत, तरीही अढळ समजुती (भ्रम) असतात. काहींना आवाज किंवा दुर्गंधीचे भासही होतात.

भ्रमांचे विषय ठरावीक असतात: पाप, दारिद्र्य, रोग, सर्वनाश. ठेवी शाबूत असताना रुग्ण ‘आपण कफल्लक झालो’ म्हणतो आणि पासबुक दाखवले तर तेच खोटे ठरवतो. पोटाचे भ्रम सर्वांत फसवे. ‘आतडी सडली’, ‘अन्न खाली उतरतच नाही’ या तक्रारींवर सोनोग्राफी, एंडोस्कोपी होत राहते आणि मनोविकारतज्ज्ञाकडे यायला फार उशीर होतो. पॅरिसचे डॉक्टर ज्यूल कोतार यांनी १८८० मध्ये वर्णन केलेल्या स्त्रीला तर आपल्याला मेंदू, पोट, आतडी नाहीतच असे वाटे. गावाकडे हेच करणी किंवा बाधा समजून अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ जातो.

स्मृतिभ्रंशाशी गल्लत नेहमीची. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा ‘माझे पैसे कुणी चोरले’ म्हणतो. इथे दोष स्वतःकडे असतो. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे वाढत जातो, हा आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बळावतो. काही तासांत गोंधळ उडाला, शुद्ध कमीजास्त होऊ लागली तर जंतुसंसर्ग, औषधांचा परिणाम शोधावा. थायरॉइड, बी-१२, सोडियम या तपासण्या सुरुवातीलाच कराव्यात.

घरच्यांनी भ्रमावर वाद घालू नये, होकारही देऊ नये. ‘तुम्हाला फार त्रास होतोय, दिसतंय’ एवढे पुरे. आत्महत्येचा धोका मोठा असतो, म्हणून गोळ्या व कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. पाणी-जेवण सुटले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

औषधे सहसा जोडीने लागतात: भ्रम कमी करणारे (जसे ओलान्झापिन) आणि नैराश्य घालवणारे (जसे सर्ट्रालिन). अमेरिका-कॅनडातील २५९ रुग्णांच्या चाचणीत (२००९) ओलान्झापिन व सर्ट्रालिन मिळून सुमारे ४२ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, नुसत्या ओलान्झापिनने २४ टक्के. ज्येष्ठांत मात्रा कमीपासून चढवतात. सर्ट्रालिनसारख्या औषधाने पहिल्या काही आठवड्यांत सोडियम उतरू शकते. मग येणारी गुंगी आणि गोंधळ ‘आजार वाढला’ असे वाटायला लावतात. ओलान्झापिनने झोप, वजन, साखर वाढते. तोल जाऊन पडण्याची भीती असते.

खाणेपिणे थांबलेल्यासाठी विद्युत-आघात उपचार सर्वांत लवकर गुण देतात. आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण सहा ते बारा वेळा. ‘शॉक’ म्हटले की नातेवाईक बिचकतात. पण भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. काही काळ विस्मरण होते.

बरे वाटताच गोळ्या सोडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. २०१९ च्या चाचणीत, लक्षणे ओसरल्यावर ओलान्झापिन हळूहळू थांबवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा आजार ३६ आठवड्यांत उलटला. चालू ठेवलेल्यांत एक-पंचमांशांचा.