आधी कोण बोललं, हे राउटर लक्षात ठेवतो

राउटरचं सेटिंग्जचं पान उघडलं की बहुतेकांचा उत्साह वायफायचं नाव आणि पासवर्ड या दोन रकान्यांपाशीच संपतो. पुढचे नॅट, फायरवॉल, पोर्ट फॉरवर्डिंग, डीएमझेड हे टॅब बघून माणूस गुपचूप मागे फिरतो. पण ती सगळी भाऊगर्दी एकाच प्रश्नाभोवती आहे: हे बोलणं आतून सुरू झालं, की बाहेरून?

आधी पत्त्यांचं बघू. घरातल्या फोनला, लॅपटॉपला, टीव्हीला १९२.१६८.१.२३ असे आयपी पत्ते मिळतात. १९२.१६८ने सुरू होणारे, १०ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या टापूतले पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. १९९६च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात तसं ठरलेलं आहे. त्यामुळे एकच १९२.१६८.१.२३ जगभरातल्या असंख्य घरांत सुखाने नांदतो. बाहेर दिसतो तो फक्त राउटरचा वॅन बाजूचा, म्हणजे इंटरनेटकडचा पत्ता. ही काटकसर हौसेची नव्हे. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीतला पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपले.

आता लॅपटॉपवर एखादी वेबसाइट उघडली की काय होतं ते जवळून बघा. लॅपटॉप आधी तपासतो, समोरचा पत्ता आपल्याच नेटवर्कमधला आहे का? सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जुळले की घरातला, नाही तर बाहेरचा. बाहेरचा असेल तर पॅकेट (पत्ता लिहिलेला माहितीचा छोटा तुकडा) गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे जातं. घरगुती राउटिंग बहुतेक वेळा एवढंच असतं. राउटर त्या पॅकेटवरचा '१९२.१६८.१.२३, पोर्ट ५१५१४' हा मजकूर काढून तिथे स्वतःचा बाहेरचा पत्ता आणि एक पोर्ट लिहितो. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरची वेगवेगळी बोलणी ओळखायचा क्रमांक. त्याच वेळी आपल्या तक्त्यात एक ओळ घालतो: आतून कोण, बाहेर कोणत्या पोर्टवरून, समोर कोणता सर्व्हर. उत्तर आलं की ती ओळ शोधायची, पत्ता उलटा बदलायचा आणि पॅकेट लॅपटॉपकडे धाडायचं. याचंच नाव नॅट.

ही ओळ कायमची नसते. माहिती पाठवायच्या पद्धती मुख्यतः दोन: आधी जोडणी जुळवणारी टीसीपी आणि न जुळवताच पाठवणारी यूडीपी. यूडीपीची ओळ शांततेनंतरही किमान २ मिनिटं आणि जुळलेल्या टीसीपी जोडणीची किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी, असं मानकं सांगतात. सगळे राउटर ते पाळतातच असं नाही. बराच वेळ नुसतं उघडं ठेवलेलं रिमोट सेशन अचानक मेलेलं आढळतं, त्यात पुष्कळदा अशी पुसलेली ओळ असते.

बाहेरून कोणी आपणहून पॅकेट पाठवलं तर? तक्त्यात ओळच नाही, मग ते कोणाला द्यायचं हे राउटरला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. याला लोक नॅटची सुरक्षा म्हणतात. खरं तर हा जोडफायदा. फायरवॉल हे वेगळं काम आहे: तो बोलणं कोणी सुरू केलं ते बघतो आणि न मागितलेलं पॅकेट मुद्दाम अडवतो. दोघे एकाच डब्यात राहतात, म्हणून गल्लत होते.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या नियमाला हाताने केलेला अपवाद. समजा, घरातल्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर बाहेरून बघायचा आहे. नियम लिहायचा: बाहेरचा पोर्ट ८०८०, आत १९२.१६८.१.५०, पोर्ट ८०. त्याआधी डीएचसीपीमध्ये, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या राउटरच्या सोयीत, रेकॉर्डरसाठी तो पत्ता राखून ठेवा. नाही तर उद्या तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला मिळेल आणि नियम भलतीकडेच दार उघडेल.

'माझ्या घराचा पत्ता कोण शोधत बसणार?' हा युक्तिवाद मात्र विसरा. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये झेडमॅप हा प्रोग्रॅम दाखवला. एका साध्या कॉम्प्युटरने, गिगाबिट जोडणीवरून, आयपीव्ही४च्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांवर एक ठरावीक पोर्ट तपासायला त्याला ४५ मिनिटंही लागली नाहीत. तुम्हाला कोणी शोधत नाही, सगळ्यांनाच शोधतात. २०१६च्या मिराई मालवेअरने हेच केलं. दुरून लॉगिन करायच्या टेलनेट या जुन्या सेवेच्या उघड्या पोर्टवर कंपनीने घातलेली साठेक नाव-पासवर्डांची यादी चालवून बघितली आणि लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. म्हणून राउटरचा ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा आणि इंटरनेटवरून राउटरचं पान उघडू देणारं रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवायचं. यावर फार चर्चा नको.

डीएमझेडचा पर्याय तर सरसकट अपवाद: ज्या पॅकेटला तक्त्यात ओळ नाही, ते सगळं एकाच उपकरणाच्या माथी मारायचं. गेम चालत नाही म्हणून लोक तो चालू करतात आणि मग विसरतात. यूपीएनपीमध्ये उपकरणं स्वतःच राउटरकडे पोर्ट उघडून मागतात आणि सहसा पासवर्ड न विचारता मिळवतात. सोयीचं आहे, पण मी ते बंद ठेवतो. एखादा स्वस्तातला बल्ब माझ्या वतीने दार उघडणार असेल तर मला ते कळायला हवं. घरात बाहेरून यायचंच असेल तर राउटरवर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतची कुलूपबंद वाट, बरं. त्यालाही एक पोर्ट लागतो, पण योग्य किल्लीशिवाय तो उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही दिसत नाही.

सगळं बरोबर लिहूनही फॉरवर्डिंग चालेना, तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता बघा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरच्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील तर वर आणखी एक नॅट आहे. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल तर तो बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीचा: अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, आणि तिथला तक्ता तुमच्या हातात नाही. कंपनीकडे वेगळा सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

वॅन पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल, तर बहुतेक दोन राउटर एकामागे एक लागलेत, कंपनीने दिलेला आणि तुम्ही आणलेला. दोघांनीही आत १९२.१६८.१ हाच टापू धरला तर गोंधळ आणखी वाढतो: दोन्ही बाजूंना तेच आकडे, मग आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे दुसऱ्या राउटरला ठरवता येत नाही. नुसती वायफायची पोच वाढवायची असेल तर दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. त्याचं नॅट, डीएचसीपी बंद होतं आणि एकच तक्ता उरतो.

राहिला आयपीव्ही६. त्यात १२८ बिटांचे पत्ते असल्याने काटकसर लागत नाही आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाला थेट जगभर पोचणारा पत्ता मिळू शकतो. म्हणजे नॅट नाही आणि त्याचा जोडफायदाही नाही. तिथे अडवणारा फक्त फायरवॉल. काही राउटरांवर आयपीव्ही६ फायरवॉलचं बटण वेगळ्याच पानावर असतं, आयपीव्ही४चं चालू असलं म्हणून हे चालू असेल असं धरू नका. ते पान शोधा आणि न मागितलेल्या जोडण्या अडवणारा पर्याय चालू आहे का ते तपासा. बंद असेल, तर आजच चालू करा.