इको सायकल तीन तास चालते, म्हणून वीज जास्त खाते?

वर्षानुवर्षे फिरणारा एक सल्ला असा: वॉशिंग मशीनची इको सायकल तीन-तीन तास चालते, म्हणजे वीज जास्त जाते, त्यापेक्षा क्विक वॉश लावा.

वेळ जास्त म्हणजे खर्च जास्त, हे पंख्याच्या बाबतीत बरोबर आहे, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण हीटर असलेल्या फ्रंट लोड मशीनमध्ये सर्वात जास्त वीज पाणी तापवायला लागते, ड्रम फिरवायला नाही. हीटर साधारण २००० वॅटचा असतो. धुताना फिरणाऱ्या मोटरला त्याच्या मानाने फारच कमी लागते. दहा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.४ युनिट लागतं, ४० अंशांवर न्यायला ०.१७. इको सायकल पाणी कमी तापवते आणि ती कसर कपडे जास्त वेळ भिजवून, घोळवून भरून काढते. वेळ लागतो तो त्यासाठीच.

पडताळा घरीच घेता येतो. फ्रिज, गीझर, एसी बंद ठेवा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. हीटर चालू असताना तो भराभर लुकलुकतो, नुसता ड्रम फिरताना अगदी रेंगाळत. सायकलच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून ठेवा. तुलना मात्र तेवढ्याच कपड्यांची करा. क्विक वॉश बहुतेक मशीनमध्ये थोड्याच कपड्यांसाठी असतो.

तुमच्या मशीनला हीटरच नसेल किंवा तुम्ही गार पाण्यातच धूत असाल, तर हा फरक जवळजवळ उरत नाही. मग घाईच्या दिवशी खुशाल छोटी सायकल लावा.