क्रमवार अपग्रेड : जुन्या संगणकावर विंडोजच्या पिढ्या

क्रमवार अपग्रेड : संगणकावरची ऑपरेटिंग सिस्टिम न पुसता तिच्यावरच पुढची आवृत्ती, मग त्याच्याही पुढची, अशी पायरी-पायरीने चढवत नेण्याची पद्धत. हार्ड डिस्कवरच्या फायली, बसवलेली सॉफ्टवेअर आणि वापरणाऱ्याने करून घेतलेली मांडणी प्रत्येक पायरीवर शाबूत राहावी, हा तिचा हेतू. ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकणे’ ही याच्या उलट पद्धत. ती सोपी आणि बहुधा अधिक स्वच्छ असते, पण तिच्यात जुने घर पाडूनच नवे बांधले जाते. ही नोंद आयबीएम घराण्यातल्या पीसीवरील विंडोजपुरती आहे.

पायऱ्या गाळता येत नाहीत, कारण प्रत्येक आवृत्तीच्या सेटअपला आपल्या आधीच्या मोजक्याच आवृत्त्या ओळखता येतात. एक्सपीचा सेटअप विंडोज ९८ वर चढतो, ९५ वर चढत नाही. म्हणून ९५ च्या मशीनला मध्ये ९८ चा मुक्काम करावा लागतो. एक्सपीवरची सॉफ्टवेअर टिकवून थेट विंडोज ७ वर जाता येत नाही, मध्ये व्हिस्टा लागते. व्हिस्टा कुणालाही फारशी आवडली नसली, तरी या साखळीत तिच्यावाचून पुढे जाता येत नाही.

विंडोज १.० नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. ती आणि २.० या दोन्ही डॉसवर (टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालणारी दर्शनी आवरणेच होती. ३.० (१९९०) आणि ३.१ (१९९२) यांनी विंडोज घरोघरी आणि कचेऱ्यांत नेली. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ला मायक्रोसॉफ्ट या तिच्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३८६डीएक्स प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरी पुरत होती. प्रत्यक्षात ८ एमबीखाली ती रखडायची. ३.१ वर ९५ चढवताना प्रोग्रॅम मॅनेजरमधले ग्रुप स्टार्ट मेन्यूत जातात. जुन्याचे काही अवशेष तर आजही सापडतात. ‘मोरआयकॉन्स’ नावाची एक फाइल विंडोज ११ मध्येही आहे आणि तिच्यात डॉसच्या काळातल्या सॉफ्टवेअरची चित्रे जशीच्या तशी आहेत.

साखळीतला सर्वांत मोठा सांधा ९८ आणि एक्सपी यांच्यामध्ये आहे. विंडोज ९५, ९८ आणि ‘मी’ (Me) या तिन्ही आवृत्त्यांच्या पोटात डॉस होता. एक्सपी (ऑक्टोबर २००१) एनटी घराण्यातली, म्हणजे डॉसवर न विसंबणाऱ्या विंडोजच्या दुसऱ्या शाखेतली. तिच्यात प्रोग्रॅमला हार्डवेअरला थेट हात लावता येत नाही, सगळे ड्रायव्हरमार्फतच, म्हणजे त्या-त्या हार्डवेअरसाठी लिहिलेल्या दुव्याच्या सॉफ्टवेअरमार्फतच होते. त्यामुळे ९८ वर नीट चालणारे स्कॅनर, प्रिंटर आणि टीव्ही कार्ड एक्सपीवर एका दिवसात निरुपयोगी व्हायचे. यंत्र धडधाकट असायचे, पण उत्पादकाने नवा ड्रायव्हर लिहिलेला नसायचा. जुने मशीन कमी वेगामुळे मागे पडते असा समज आहे. वेग कमी असला तरी रॅम वाढवून निभावता येते. बहुतेक मशीन अडतात त्या ड्रायव्हरसारख्या एखाद्या सांध्यापाशी. याच पायरीवर डिस्कची मांडणीही बदलते. फॅट३२ या जुन्या मांडणीवरून एनटीएफएस ही नवी मांडणी करण्याची सोय एक्सपीत आहे, पण ती वाट एकेरी आहे. डिस्क फॅट३२ च ठेवली तर एक्सपी काढून परत ९८ वर येता येते, एनटीएफएस केल्यावर येता येत नाही. म्हणून हे रूपांतर घाईने करू नये.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी हा टप्पा आणखी एका कारणाने महत्त्वाचा होता. डॉसच्या काळात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड मदरबोर्डच्या आयएसए स्लॉटमध्ये बसवून पडद्यावर देवनागरी आणता येत असे. ते लेखन इस्की या प्रमाण संकेतात साठत होते. पुढे विंडोजवर डीटीपी आले आणि श्री-लिपी, कृतीदेव यांसारखे फॉन्ट आले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते, म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठत होती. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. अपग्रेडमध्ये किंवा नव्या मशीनवर फॉन्ट हरवला, की पानभर निरर्थक रोमन अक्षरे उरतात. गंमत अशी की, अधिक जुने असलेले इस्की लेखन युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण संकेतात नेणे सोपे जाते, कारण युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आहे. त्यानंतरचे फॉन्टवर विसंबलेले लेखन मात्र प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा परिवर्तक मागते, आणि तरी रफार आणि वेलांट्या हाताने तपासाव्या लागतात.

विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह देवनागरी युनिकोड विंडोजच्या आतच आले. एक्सपीवर मात्र ते आपोआप चालू नसायचे. रीजनल सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या चौकोनावर खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची, असा विधी होता. सीडी हाताशी नसलेल्या कित्येक कचेऱ्यांत मराठी अक्षरे मोडकी दिसत राहिली, ती एवढ्याच कारणाने. व्हिस्टापासून ही खटपट संपली. ज्याच्याकडे ९८ किंवा एक्सपीवर मराठी मजकुराचा साठा आहे, त्याने तो मूळ फॉन्ट चालू असलेल्या जुन्या मशीनवरच युनिकोडमध्ये करून घ्यावा आणि मगच पुढची पायरी चढावी. उलट क्रमाने केले तर मजकूर तपासायला मूळ पान दिसतच नाही.

व्हिस्टाने (२००७) ग्राफिक्स ड्रायव्हरची घडणच बदलली आणि मेमरीची गरज एकदम ५१२ एमबी ते १ जीबीवर नेली. विंडोज ७ (२००९) ने तोच पाया ठेवल्यामुळे व्हिस्टाचे बहुतेक ड्रायव्हर चालले आणि ती पायरी सोपी गेली.

दुसरा मोठा सांधा ३२ बिट आणि ६४ बिट या विंडोजच्या दोन प्रकारांतला. ३२ बिट विंडोजवरून ६४ बिटवर क्रमवार अपग्रेड होतच नाही. फॉरमॅट मारावे लागते. ३२ बिटवर राहिले तर सुमारे ३.२५ जीबीपुढची रॅम बहुधा वापरात येत नाही, पण १६ बिटची जुनी सॉफ्टवेअर चालत राहतात. ६४ बिटवर रॅमची मर्यादा सुटते आणि डॉसच्या काळातले हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद पडते. ज्यांचा धंदा त्या एका सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्यांनी ३२ बिटवर थांबणे हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे.

प्रत्यक्ष यंत्रावर १.० पासून १० पर्यंतची सगळी साखळी पार करता येत नाही. ती फक्त आभासी मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने संगणकातच उभ्या केलेल्या संगणकात, पूर्ण करता येते. खऱ्या यंत्राचा आवाका चार-पाच पायऱ्यांचा असतो. पेंटियम ३ प्रोसेसरचे मशीन ९८ वरून एक्सपीवर आरामात जाते, विंडोज ७ ही कशीबशी पेलते. पण एसएसई२ सूचनासंच नसल्यामुळे २०१८ पासून ७ चे सुरक्षा अपडेट त्यावर चालेनासे झाले. सर्वांत लांब पल्ला कोअर २ ड्युओ या प्रोसेसरच्या मशीनने गाठला. २००७ च्या सुमारास एक्सपीसह घेतलेले असे मशीन रॅम ४ जीबी करून आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून व्हिस्टा, ७, ८, ८.१ या वाटेने विंडोज १० पर्यंत गेले. एसएसडीने अशा मशीनला जेवढा जीव येतो, तेवढा दुसऱ्या कशानेही येत नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची तपासणी) लागते. त्या तपासण्या बगल देऊन टाळल्या, तरी तिची २४एच२ ही आवृत्ती पॉपकाउंट ही प्रोसेसरची सूचना नसलेल्या कोअर २ वर सुरूच होत नाही. तिथे ही वाट संपते.

अशा मशीनवर पुढे लिनक्स टाकता येते. लिनक्सच्या डेबियन या प्रकारातही आवृत्ती एकामागून एकच चढवायची, मधली गाळायची नाही, असा नियम आहे. डेबियन १३ (२०२५) पासून मात्र ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरही बंद झाला.

कोणतीही पायरी चढण्यापूर्वी पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवणे हाच खरा बॅकअप. केवळ माय डॉक्युमेंट्सचा फोल्डर उचलून ठेवल्यास फॉन्ट आणि सेटिंग मागे राहतात. हीच प्रतिमा आभासी मशीनमध्ये रुजवली, तर जुनी एक्सपी तिच्या फॉन्टसह नव्या संगणकाच्या एका खिडकीत चालू राहू शकते. त्यासाठी नव्या आभासी हार्डवेअरचे ड्रायव्हर टाकावे लागतात आणि एक्सपीचे ॲक्टिव्हेशनही पुन्हा मागितले जाते. अडचण येते ती डोंगलची, म्हणजे यंत्राला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणाऱ्या छोट्या तुकड्याची. अनेक देवनागरी सॉफ्टवेअरचे कुलूप प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागायचे आणि नव्या मदरबोर्डवर तो पोर्टच नसतो. अशा वेळी जुने कॅबिनेट, मदरबोर्डवरची, घड्याळ आणि सेटिंग जपणारी सीमॉसची नाण्याएवढी बॅटरी बदलून, केवळ त्या एका पोर्टसाठी चालू ठेवावे लागते.